मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग: शरीर कसं लढतं आणि आपण काय करायचं

लघवीला जळजळ, सारखी घाई, गेलं की चार थेंब, ओटीपोटात कळ, लघवी गढूळ किंवा किंचित लालसर. एवढीच लक्षणं असतील तर संसर्ग बहुधा मूत्राशयापुरता आहे. त्रास पुष्कळ होतो, पण धोका कमी असतो आणि विचार करायला वेळ मिळतो. मात्र खालीलपैकी काहीही सोबत असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी त्याच दिवशी डॉक्टर गाठा:

- ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, विशेषतः थंडी वाजून आलेला
- पाठीत एका बाजूला, शेवटच्या बरगडीच्या खाली दुखणं
- पाण्याचा घोट किंवा गोळीही टिकू नये अशा उलट्या
- लघवी पूर्ण अडकणं, किंवा मूतखडा असल्याचं आधीपासून माहीत असणं
- गरोदरपण, लहान मूल, एकच मूत्रपिंड असणं, प्रत्यारोपण झालेलं असणं

यात असंबद्ध बोलणं, जोरात चालणारा श्वास, गार पडलेले हातपाय किंवा लघवी जवळजवळ बंद होणं अशी भर पडली तर सकाळची वाट पाहू नका. जंतुसंसर्ग रक्तात उतरल्याची ही चिन्हं असू शकतात आणि तिथे तासातासाला फरक पडतो.

जंतू येतात कुठून

मूत्राशयाच्या साध्या संसर्गात चारपैकी तीन वेळा तरी दोषी असतो तो ई. कोलाय. हा आपल्याच आतड्यातला रहिवासी. गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून तो मूत्रनलिकेच्या तोंडाशी येतो आणि प्रवाहाविरुद्ध वर चढतो. बाईची मूत्रनलिका साधारण ४ सेंटिमीटर लांब असते, पुरुषाची १८ ते २० सेंटिमीटर. बायकांना हा त्रास इतका जास्त का होतो, याचं मोठं कारण हे अंतर आहे. ‘अस्वच्छता’ हे नाही. बाहेरून कितीही घासलं तरी तिथले जंतू जाणार नाहीत, आणि साबणाने आतून धुतलं तर उलट तोटाच होतो. योनीमार्गात राहणारे लॅक्टोबॅसिलस हे उपयोगी जंतू लॅक्टिक आम्ल बनवून तिथला पीएच ३.८ ते ४.५ च्या आसपास ठेवतात. एवढ्या आंबट जागेत ई. कोलायला बस्तान बसवता येत नाही. सुगंधी साबण, योनी आतून धुण्याची द्रावणं आणि शुक्रजंतुनाशक जेली यांनी हेच रक्षक मरतात.

क्लेबसिएला, प्रोटियस, एंटेरोकॉकस, स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफायटिकस हे उरलेल्यांपैकी नेहमीचे. प्रोटियस वेगळा लक्षात ठेवायचा, कारण तो युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करतो आणि त्यातून मूतखडे तयार होतात. पुन्हा पुन्हा प्रोटियसच सापडत असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी.

पहिला बचाव म्हणजे वाहतं पाणी

शरीराकडे या ठिकाणी बरीच हत्यारं आहेत, पण सगळ्यात मोठं काम लघवीचा प्रवाहच करतो. एक ढोबळ गणित करून पाहू. लघवीत जंतूंची संख्या दर अर्ध्या तासाला दुप्पट होते असं धरा. ताशी १०० मिलिलिटर लघवी तयार होते आणि लघवी केल्यावर १० मिलिलिटर मागे उरते असंही धरा.

दर दोन तासांनी गेलात, तर मधल्या वेळात जंतू १६ पट होतात. पण लघवी करताना २०० पैकी १० मिलिलिटरच उरते, म्हणजे विसावा हिस्सा. जंतू हरतात. दर तीन तासांनी गेलात, तर वाढ ६४ पट आणि उरतो तिसावा हिस्सा. जंतू हळूहळू पुढे सरकतात. सहा तास दाबून धरलीत तर वाढ चार हजार पटींच्या वर आणि उरतो साठावा हिस्सा. आता तीन तासांचंच उदाहरण घ्या, पण मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि १०० मिलिलिटर मागे राहते असं समजा. मागचे १०० धरून मूत्राशयात ४०० मिलिलिटर जमतात, म्हणजे ६४ पट वाढीतले फक्त तीन चतुर्थांश जंतू बाहेर पडतात, बाकीचे तिथेच. प्रत्यक्षात लघवीतले क्षार, युरिया आणि आम्लता जंतूंची वाढ मंदावतात, त्यामुळे निरोगी माणसाचा हिशेब याहून बरा असतो. तरी दिशा तीच. किती वेळा जाता आणि किती पूर्ण रिकामं करता, या दोन गोष्टी लिटरभर जास्त पाणी पिण्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. प्रोस्टेट वाढलेला पुरुष, मधुमेहाने मूत्राशयाच्या नसा मंदावलेला रुग्ण आणि बद्धकोष्ठ झालेलं मूल या तिघांना संसर्ग का धरतो, तेही इथेच कळतं.

भिंतीवरची लढाई

प्रवाहात वाहून जायचं नसेल तर जंतूला चिकटावं लागतं. ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्या टोकाला फिम-एच नावाचं प्रथिन. ते मॅनोज या साखरेला पकडतं. मूत्राशयाच्या सगळ्यात आतल्या थरातल्या छत्रीपेशींवर ही साखर असते, म्हणून पकड तिथे बसते.

शरीराचा यावरचा उतारा मोठा चतुर आहे. मूत्रपिंड युरोमॉड्युलिन नावाचं प्रथिन सतत लघवीत सोडतं. निरोगी लघवीत सर्वात जास्त प्रमाणात असणारं प्रथिन हेच. १९५० मध्ये टॅम आणि हॉर्सफॉल या दोघांनी ते वेगळं काढलं, म्हणून त्याला टॅम-हॉर्सफॉल प्रथिनही म्हणतात. त्याच्यावरही मॅनोज असते. जंतू पेशीऐवजी या तरंगत्या प्रथिनालाच धरून बसतो आणि पुढच्या लघवीबरोबर बाहेर जातो.

जे यातून निसटतात ते छत्रीपेशींना चिकटतात आणि काही आत शिरतात. पेशीच्या पोटात ते गठ्ठ्याने वाढतात. तिथे प्रवाह पोचत नाही आणि बरीच प्रतिजैविकंही पुरेशी पोचत नाहीत. आता पेशींवरचे टीएलआर-४ हे ग्राहक (जंतू ओळखणारी प्रथिनं) जंतूच्या आवरणाचा वास घेतात आणि रासायनिक हाक देतात. काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी भिंत ओलांडून मूत्राशयात उतरतात. रिपोर्टमधल्या ‘पस सेल्स’ या बहुतांशी ह्याच. बाधित छत्रीपेशी आतल्या जंतूंसकट गळून पडतात. डिफेन्सिन, कॅथेलिसिडिन यांसारखी छोटी प्रथिनं जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतात. लिपोकॅलिन-२ नावाचं प्रथिन जंतूंची लोह गोळा करणारी यंत्रणाच पळवतं आणि लोहाशिवाय त्यांची वाढ खुंटते.

ही लढाई घरातच चालते, त्यामुळे घराचंही नुकसान होतं. न्यूट्रोफिलची रसायनं अस्तरालाही भाजतात. जळजळ आणि घाई या सुजेचीच लक्षणं आहेत. म्हणून जंतू मेल्यावरही दोन दिवस जळजळ रेंगाळू शकते. औषध लागू पडलं नाही असा तिचा लगेच अर्थ काढू नये. दुसरं असं की छत्रीपेशी गळाल्यावर खालचा कोवळा थर उघडा पडतो आणि काही जंतू तिथे शिरून सुप्त पडून राहू शकतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे नीट दिसलं आहे. बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तोच जंतू पुन्हा का उठतो, याचं एक कारण हे असावं. शिवाय गोवर एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही, तशी पक्की आठवण मूत्राशयाची प्रतिकारयंत्रणा ठेवत नाही.

पहिल्या चोवीस तासांत

संशय आला की आधी लघवीचा नमुना, मग औषध. प्रतिजैविकाची एक गोळीसुद्धा पोटात गेली तर कल्चरमध्ये (लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू उगवेनासा होतो आणि रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो. पहिल्यांदाच झालेल्या साध्या संसर्गात कल्चर न करताही डॉक्टर उपचार करू शकतात. पण संसर्ग परत आलेला असेल, ताप असेल, गरोदरपण असेल किंवा रुग्ण पुरुष असेल तर कल्चर हवंच.

पाणी इतकं प्यावं की लघवी फिक्या पिवळ्या रंगाची होईल आणि दर दोन-अडीच तासांनी जावं लागेल. बहुतेक प्रौढांना त्यासाठी दिवसाला दोन ते अडीच लिटर पुरतं. तासाभरात दोन लिटर ढोसण्याने संसर्ग लवकर जात नाही. रक्तातलं सोडियम मात्र खाली येऊ शकतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असून पाण्यावर मर्यादा घातली असेल तर ती मोडू नये.

मूत्राशय पूर्ण रिकामं करायची रीत साधी आहे. कमोडवर नीट टेकून बसायचं, पावलं जमिनीवर सपाट, कंबरेतून किंचित पुढे झुकायचं. सीटला स्पर्श नको म्हणून अधांतरी बसलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले राहतात आणि लघवी मागे उरते. धार संपल्यावर अर्धा मिनिट तसंच बसून पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. कुंथायचं नाही.

दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल चालतं: प्रौढांनी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत ४ ग्रॅमची मर्यादा. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. पोटावर कोमट शेक दिला तरी कळ उतरते. आयबुप्रोफेन सुजेवर जास्त काम करतं, पण मूत्रपिंडाचा आजार, पोटातला अल्सर किंवा गरोदरपण असेल तर घेऊ नये. फेनाझोपायरिडीन या गोळीने जळजळ झटकन थांबते, लघवी केशरी होते आणि कपड्यांना डाग पडतात. ती दोन दिवसांच्या वर घ्यायची नाही, कारण ती जंतू मारत नाही, फक्त धोक्याची घंटा बंद करते.

उन्हाळी लागली म्हणून नुसतं पाणी पिऊन बरं होतं का? काहींचं होतं. २०१५ मध्ये जर्मनीत झालेल्या एका चाचणीत साधा संसर्ग असलेल्या बायकांना आधी फक्त आयबुप्रोफेन दिलं, तेव्हा दोन तृतीयांश जणी प्रतिजैविकाशिवाय बऱ्या झाल्या. मात्र त्यांचा त्रास जास्त दिवस टिकला आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेलेल्या थोड्या जणी याच गटात जास्त निघाल्या. तेव्हा तब्येत एरवी उत्तम, ताप नाही, लक्षणं सौम्य असतील तर डॉक्टरांशी बोलून एक-दोन दिवस थांबणं हा अविचार नाही. वर दिलेल्या यादीतलं काही असेल तर मात्र तो अविचारच.

लघवी अल्कधर्मी करणारी सायट्रेटची सिरप आणि पुड्या जळजळीवर सर्रास घेतल्या जातात. त्यांच्या उपयोगाचा पुरावा कच्चा आहे आणि एक तोटा सहसा कोणी सांगत नाही: नायट्रोफ्युरँटॉइन आणि मेथेनामीन ही औषधं आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतात. एकीकडे ही औषधं आणि दुसरीकडे सायट्रेट, म्हणजे स्वतःच्याच औषधाचे पाय ओढणं.

नमुना नीट घेण्याची रीत

चुकीच्या रिपोर्टांचं सगळ्यात मोठं कारण प्रयोगशाळा नसून बाटलीत काय आलं हे असतं.

१. शक्यतो सकाळची पहिली लघवी, किंवा निदान तीन-चार तास मूत्राशयात थांबलेली. नमुन्याच्या आधी मुद्दाम भरपूर पाणी पिऊ नका. जंतू आणि पेशी पातळ होऊन आकडे कमी येतात.

२. हात साबणाने धुवा. बाटलीचं झाकण उघडून उताणं ठेवा. बाटलीच्या आत किंवा कडेला बोट लावू नका.

३. बायकांनी दोन बोटांनी योनीचे ओठ बाजूला करून ती जागा साध्या पाण्याने पुढून मागे पुसावी आणि लघवी होईपर्यंत ओठ बाजूलाच धरावेत. पुरुषांनी पुढची त्वचा मागे ओढून धुवावं. डेटॉलसारखं जंतुनाशक लावू नये. ते नमुन्यात उतरलं तर जंतू उगवत नाहीत.

४. पहिली धार सोडून द्या. ती मूत्रनलिकेच्या तोंडाशी बसलेले जंतू घेऊन जाते. धार न थांबवता मधली २० ते ३० मिलिलिटर बाटलीत घ्या, शेवटची पुन्हा सोडून द्या.

५. झाकण घट्ट लावून नाव आणि वेळ लिहा. दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवा. जमणार नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात साधारण ४ अंशांवर ठेवा आणि चोवीस तासांच्या आत द्या. फ्रीझरमध्ये नाही. खोलीच्या तापमानात चार-पाच तास पडलेल्या बाटलीत दोन-चार जंतूंची फौज होते आणि नसलेला संसर्ग कागदावर येतो.

बोरिक आम्ल घातलेली बाटली मिळाली तर खुणेच्या रेषेपर्यंत भरा. अर्धीच भरली तर आम्ल तीव्र होऊन जंतूच मरतात. पाळी सुरू असेल तर ते चिठ्ठीवर लिहा. तान्ह्या बाळाला चिकटवायच्या पिशवीतला नमुना निर्दोष आला तर विश्वास ठेवा. दोष दिसला तर स्वच्छ झेललेल्या किंवा कॅथेटरने (मूत्राशयात घातलेल्या नळीने) काढलेल्या नमुन्यावर खात्री करून मगच उपचार. पिशवीत त्वचेवरचे जंतू हमखास येतात.

रिपोर्ट वाचताना

पस सेल्स एका हाय पॉवर फील्डमध्ये (सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या भागात) पाचच्या आत असतील तर ते सामान्य. दहाच्या पुढे असतील तर सूज आहे हे नक्की. सूज म्हणजे संसर्गच असं नाही. मूतखडा, आधी घेतलेलं प्रतिजैविक, क्लॅमिडियासारखा लैंगिक संसर्ग आणि मूत्रमार्गाचा क्षयरोग यांतही पस सेल्स वाढतात आणि साधं कल्चर कोरं येतं. स्क्वेमस एपिथेलियल पेशी भरपूर दिसल्या तर त्वचेवरचा मळ नमुन्यात आला आहे. तो रिपोर्ट बाजूला ठेवून नमुना पुन्हा द्यावा.

लघवीत बुडवायच्या तपासणीच्या पट्टीवर नायट्राइट पॉझिटिव्ह आलं तर त्याला वजन आहे. ई. कोलायसारखे जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, पण त्याला सुमारे चार तास लागतात. दर अर्ध्या तासाला जाणाऱ्या रुग्णात ते निगेटिव्ह येणं साहजिक आहे. एंटेरोकॉकस आणि सॅप्रोफायटिकस तर नायट्राइट बनवतच नाहीत. जीवनसत्त्व सी च्या मोठ्या डोसानेही ही तपासणी खोटी निगेटिव्ह येते.

कल्चरमध्ये एका मिलिलिटरला जंतूंच्या १ लाख वसाहती ही प्रसिद्ध सीमारेषा. १९५० च्या दशकात एडवर्ड कास या अमेरिकन डॉक्टरांच्या कामातून ती आली. पण लक्षणं ठसठशीत असतील आणि एकच जंतू उगवला असेल तर बाईमध्ये १००० ही संख्यासुद्धा खऱ्या संसर्गाची असू शकते. ‘मिक्स्ड ग्रोथ’, म्हणजे तीन-चार प्रकारचे जंतू, हा बहुतेकदा बिघडलेला नमुना.

सेन्सिटिव्हिटीच्या तक्त्यात ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे नाही. शेजारी एमआयसीचे (जंतूंची वाढ थांबवायला लागणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचे) आकडे असतात. ज्याचा आकडा सगळ्यात लहान ते औषध सगळ्यात जोरदार, असा हिशेब अनेक जण करतात आणि तो चुकीचा आहे. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी, लघवीत ते किती साचतं तेही वेगळं. दोन औषधांचे एमआयसी एकमेकांशी लावून पाहायचे नाहीत.

औषधांबद्दल

निवड डॉक्टरांची. पण आपल्याला जे दिलं जातं ते कसं घ्यायचं हे माहीत असलं की निम्म्या चुका टळतात.

नायट्रोफ्युरँटॉइन: मूत्राशयाच्या साध्या संसर्गात दीर्घकाळ काम करणारी १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. जेवणाबरोबरच घ्यायची, त्याने मळमळ कमी होते आणि औषध जास्त शोषलं जातं. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, त्यात काळजीचं काही नाही. हे औषध लघवीत साचतं, मूत्रपिंडाच्या ऊतीत नाही, म्हणून ताप किंवा पाठदुखी असेल तर ते पुरत नाही. मूत्रपिंडाचं काम बरंच कमी झालं असेल, जी-६-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका विकराची) कमतरता असेल किंवा बाळंतपण अगदी जवळ आलं असेल तर ते टाळतात.

फॉस्फोमायसिन: ३ ग्रॅमची एकच पुडी. अर्धा कप गार पाण्यात विरघळवून लगेच प्यायची. गरम पाणी नको. रिकाम्या पोटी, झोपण्यापूर्वी, आधी लघवी करून घेतली की औषध रात्रभर मूत्राशयात थांबतं. एकदाच घेऊन दुसऱ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणणारे बरेच असतात. ते लघवीत दोन-तीन दिवस टिकून काम करतं, तेवढा वेळ द्या.

ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल तीन दिवस देतात, पण जिथे ई. कोलाय त्याला जुमानत नाही तिथे कल्चर न पाहता देण्यात अर्थ नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर ते रक्तातलं पोटॅशियम वाढवतं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली औषधं साध्या मूत्राशयाच्या संसर्गात पहिल्या हाताला नकोत. स्नायूबंध तुटणं आणि नसांना इजा होणं या कारणांसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये तसा स्पष्ट इशारा दिला. ती घ्यावीच लागली तर दूध, अँटासिड, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यासोबत घेऊ नका; पोटातच बांधली जाऊन वाया जातात.

मागच्या वेळच्या उरलेल्या तीन गोळ्या घेणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. डोस अपुरा, औषध कदाचित चुकीचं, आणि कल्चरची संधीही हातची गेलेली. बरं वाटलं म्हणून ठरलेले दिवस अर्ध्यावर सोडू नका. पण ते संपल्यावर ‘अजून चार दिवस घेऊन टाकू’ हेही नको.

४८ ते ७२ तासांत काहीच उतार नसेल तर तीन शक्यता तपासायच्या: जंतू त्या औषधाला दाद देत नाही, कुठेतरी अडथळा आहे (खडा, वाढलेला प्रोस्टेट), किंवा हा मुळात मूत्रमार्गाचा संसर्ग नाहीच. खाज आणि पांढरा स्राव असेल तर योनीमार्गाचा दाह जास्त संभवतो. लक्षणं पूर्ण गेली तर पुन्हा कल्चर करायची गरज नाही. गरोदर बाईचं मात्र करतात. लघवीत रक्त होतं तर उपचारानंतर काही आठवड्यांनी साधी तपासणी पुन्हा करून ते गेल्याची खात्री करा. चाळिशी-पन्नाशीनंतर रक्त टिकून राहिलं तर मूत्राशयाची दुर्बीण तपासणी टाळू नये.

पुन्हा पुन्हा होत असेल तर

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा, म्हणजे वारंवार होणारा संसर्ग. इथे पाण्याचा पुरावा खणखणीत आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास असणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा.

पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटतं, लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि पीएच चढतो. योनीत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम ही उणीव भरून काढते आणि संसर्ग कमी करते. तोंडावाटे घ्यायच्या इस्ट्रोजेनने हा फायदा मिळत नाही. संकोचामुळे न विचारलं जाणारं हे बहुधा सगळ्यात उपयोगी औषध आहे. शुक्रजंतुनाशक वापरत असाल तर गर्भनिरोधनाची दुसरी पद्धत निवडा.

मेथेनामीन हिप्पुरेट १ ग्रॅम दिवसातून दोनदा घेतलं की आम्लधर्मी लघवीत त्यापासून फॉर्मल्डिहाइड तयार होतं आणि जंतू मरतात. २०२२ मधल्या एका ब्रिटिश चाचणीत ते रोजच्या कमी डोसाच्या प्रतिजैविकाच्या तोडीस तोड ठरलं, आणि जंतू निर्ढावण्याची भीतीही नाही. क्रॅनबेरीने वारंवार त्रास होणाऱ्या बायकांत संसर्ग काहीसा कमी होतो, पण चालू संसर्ग तिने बरा होत नाही. मॅनोजची पूड खाऊन जंतूंची पकड सोडवायची ही कल्पना कागदावर सुंदर आहे. २०२४ मध्ये मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. शरीरसंबंधानंतर लघवी करणं, पुढून मागे पुसणं, सुती अंतर्वस्त्र: पुरावा कमकुवत, पण खर्च नाही आणि तोटाही नाही. त्यातलं एखादं चुकलं म्हणून स्वतःला दोष देण्याचं कारण मात्र मुळीच नाही.

ज्यांचं गणित वेगळं असतं

गरोदरपणात मूत्रवाहिन्या (मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळ्या) सैलावतात, गर्भाशय त्यांवर दाबतो आणि लघवी संथ होते. म्हणून लक्षणं नसली तरी सुरुवातीच्या महिन्यांत एकदा कल्चर करतात आणि जंतू निघाले तर उपचार करतात, नाहीतर मूत्रपिंडाचा संसर्ग होण्याची शक्यता बरीच वाढते.

पुरुषात संसर्ग झाला तर प्रोस्टेटचा विचार करावाच लागतो. तिथे औषध सावकाश शिरतं, त्यामुळे तीन दिवसांचा कोर्स पुरत नाही. लहान मुलात कारण न सापडणारा ताप एवढंच लक्षण असू शकतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर थेट रुग्णालय. मोठ्या मुलात संसर्ग परत परत येत असेल तर आधी पोट रोज साफ होतं का ते पाहा. भरलेलं गुदाशय मूत्राशयावर दाबतं आणि ते नीट रिकामं होऊ देत नाही.

वृद्धांमध्ये उलटी चूक होते. वय वाढलं की अनेकांच्या लघवीत जंतू शांतपणे राहतात. जळजळ नाही, ताप नाही. लघवीला वास येतो किंवा ती गढूळ आहे एवढ्यावरून प्रतिजैविक देऊ नये. अशा जंतूंना मारण्याने फायदा होत नाही आणि पुढच्या वेळी औषध न जुमानणारा जंतू पदरात पडतो. अपवाद दोनच लक्षात ठेवायचे: गरोदरपण, आणि रक्तस्राव होऊ शकेल अशी मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया.

कॅथेटर असलेल्यांत तर जंतू सापडणारच. नळीवर त्यांचा चिकट थर बसतो आणि दर दिवसागणिक शक्यता वाढते. म्हणून नळी रोज ‘आजही हवी का?’ असं विचारून शक्य तितक्या लवकर काढायची. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता. नळीला पीळ नको, जोड उघडायचा नाही, पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची आणि त्याआधी व नंतर हात धुवायचे. ताप आल्यावर कल्चर पाठवायचं असेल तर पिशवीतली लघवी कधीच नको. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्यायचा, आणि प्रतिजैविक त्यानंतर सुरू करायचं.